खेळ आपला की उचललेला?

पत्राचा गोषवारा: लातूर जिल्ह्यातल्या सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाचं हे पत्र. दिवसा तो एका पतसंस्थेत संगणकावर बसतो, रात्री मित्राच्या सोबतीनं पटावरचा एक खेळ तयार करतो. खेळाचा विषय २०१६ चा उन्हाळा, म्हणजे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तो. पटावर एक गल्ली आहे. चार खेळाडू म्हणजे चार घरं. चार कवड्या टाकायच्या आणि पडतील तितकी घरं घागर घेऊन चालायची. चालीची पद्धत आजीच्या चल्लस-आठाची, म्हणजे कवड्यांवर चालणाऱ्या जुन्या घरगुती पटखेळाची. सगळ्यांनी मिळून मृगापर्यंत गल्ली तगवायची. एकाही घरातलं पाणी संपलं की चौघंही हरले. पत्त्यांच्या गठ्ठ्यातून आटलेली विहीर, जळालेली मोटर, न आलेला टँकर असं काय काय निघत राहतं. पाणी कमी पडलं तर शेजारच्या घरातून घागर उसनी घेता येते आणि तिची नोंद राहते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात त्यांनी हा खेळ मांडला. तिथं एक मुलगा दोन डाव खेळून म्हणाला, “हे तर लुडो आन् पँडेमिक जोडलंय की.” (पँडेमिक हा सगळ्यांनी मिळून साथीशी लढायचा परदेशी पटखेळ.) तेव्हापासून पत्र लिहिणारा हा वाचक इंटरनेटवर शोधत बसतो आणि प्रत्येक कल्पना आधी कुणीतरी केलेली सापडते. मित्राचा विचार वेगळाच आहे. खोक्यावर ‘मराठवाड्याचा हजार वर्षांचा प्राचीन खेळ’ असं छापू, वेरूळच्या शिल्पाचा फोटो लावू, कोण विचारतंय? त्यात मूळ कल्पना कुणाची, यावरूनही दोघांत धुसफूस सुरू आहे. वाचक विचारतो: “नवीन काही उरलंच नसेल तर आम्ही बनवतोय तरी काय? हे सगळं गुंडाळून ठेवावं का?”

प्रिय मित्र,

खेळ गुंडाळू नका. खोक्यावर छापायचं म्हणताय ते वाक्य मात्र आजच खोडा. दोन्ही उत्तरांचं कारण एकच आहे आणि ते नीट सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे. प्रत्येक कल्पनेच्या मुळाशी कुणीतरी एकटा माणूस आहे, त्याला ती कोऱ्या पाटीवर सुचली आणि त्याच्या मागून आलेल्या सगळ्यांनी ती उचलली, असं तुम्हाला वाटतंय. तुम्ही रात्री जागून त्या पहिल्या माणसाला शोधताय आणि दर वेळी कुणीतरी सापडलं की तुमचा जीव थोडा आणखी खचतोय. माझं म्हणणं आहे, शोध अर्ध्यावर सोडू नका. एकच कल्पना धरा आणि मागं जात राहा.

मोबाइलवरच्या मारामारीच्या खेळात पात्राच्या डोक्यावर पट्टी असते. मार बसला की ती कमी होते, संपली की पात्र मेलं. ही कुणाची कल्पना? जाणकार सांगतील, अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ. पात्राचे हिट पॉइंट, म्हणजे ते किती मार सोसेल त्याचं माप, अनुभवाचे गुण, त्यावर चढत जाणारी लेव्हल, हे सगळं तिथून संगणकावर आलं. पण आर्नेसननं हिट पॉइंट आणले ते आरमारी लढायांच्या स्वतःच्या आधीच्या नियमांतून. एखादं पोलादी जहाज किती गोळे सोसेल ते मोजायला ते होते. त्याने जहाजाचं माप माणसाला लावलं.

तिथंही थांबू नका. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १८२४ साली अधिकाऱ्यांच्या सरावासाठी युद्धाचा खेळ नियमबद्ध केला, त्याला ‘क्रीगश्पील’ म्हणतात. त्यात एका फटक्यात आख्खी तुकडी पटावरून उठत नसे; तिचं नुकसान थोडं थोडं मोजलं जाई. तो आराखडाही मूळ त्याच्या वडिलांचा, १८१२ चा. त्यांच्याही आधी १७८० मध्ये हेलविग नावाच्या जर्मन शिक्षकानं बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यात डोंगर-नद्या घालून युद्धाचा खेळ केला होता. आणि बुद्धिबळाच्या मागं आपलं चतुरंग. त्याचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त येतो.

आर्नेसननं राइसविट्झचं पुस्तक समोर ठेवून हिट पॉइंट लिहिले, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी धागा स्पष्ट दिसतो, तर काही ठिकाणी दोन माणसांना शंभर वर्षांच्या अंतरानं तीच अडचण येते आणि दोघंही तसाच तोडगा काढतात. स्पष्ट दिसणारा एक धागा सांगतो, कारण तो तुमच्या फार कामाचा आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेझली या तरुणाला ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचं १८८० सालचं लष्करी खेळांचं जुनं पुस्तक सापडलं. त्यातली एक गोष्ट त्याला पटली: पंच. खेळाडू वाटेल ते करायचं ठरवू शकतो, त्याचं पुढं काय होईल ते पंच सांगतो. १९६९ च्या सुमारास वेझलीनं मित्रांसाठी ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या कल्पित जर्मन गावाचा डाव मांडला. नुसतं सैन्य द्यायच्या ऐवजी त्याने एकेकाला गावातलं एकेक माणूस करून टाकलं. डाव सुरू झाला आणि सगळं विस्कटलं. लढाई राहिली बाजूला, जो तो आपापली खलबतं करत बसला. आपला खेळ सपशेल फसला असं समजून वेझली घरी गेला. खेळणारे मात्र पुन्हा कधी खेळायचं म्हणून त्याच्या मागं लागले. त्या खेळणाऱ्यांत डेव्ह आर्नेसन होता. पुढं त्याने स्वतःचा काल्पनिक प्रांत रचला आणि तिथूनच १९७४ चा खेळ उभा राहिला.

यात वेझलीचं नवीन काय होतं? पंच जुना, युद्धाचा पट जुना. त्याने खेळाडूला सेनापतीऐवजी गावातला एक माणूस केलं, एवढंच. आणि तेही फसलं असं त्याला स्वतःला वाटलं. म्हणून तुम्हाला विचारतो: कॉलेजातला तो मुलगा दोन डाव खेळला, असं तुम्हीच लिहिलंय. ज्याला खेळ नुसती जोडाजोड वाटली तो दुसऱ्या डावाला का बसला? बाकीचे काय म्हणाले, कुणी पुन्हा मांडायला लावला का, यातलं पत्रात काहीच नाही. एका वाक्यानं तुम्हाला इतकं घायाळ केलं की उरलेला दिवस तुम्ही पाहिलाच नाही.

हीच ये-जा टेबल आणि पडद्यामध्येही आहे. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचा आणि सुट्टीत केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत उतरून तिचे नकाशे काढायचा. संसार मोडल्यावर मुलींना आवडेल असं काहीतरी म्हणून त्याने १९७६ च्या आसपास त्या गुहेवरच शब्दांतून चालणारा संगणकावरचा खेळ लिहिला. पुढच्या वर्षी डॉन वूड्सनं त्यात भर घातली. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या प्रकाराचं नावच त्या खेळावरून पडलं. खजिना, राक्षस, जादू हे सगळं उसनं होतं. गुहा त्याची स्वतःची होती, पायाखालची. जपानमध्ये युजी होरी यांनी ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे अमेरिकन खेळ खेळून, त्यांतलं किचकट ते काढून १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला आणि जपानी भूमिका-खेळांची, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या खेळांची, आख्खी परंपरा सुरू झाली. ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा पटावरचा खेळ फ्रान्सिस ट्रेशमनं १९८० मध्ये केला. एक शोध लागला की पुढचा खुला होतो, ही ज्ञानाच्या पायऱ्यांची रचना त्यात होती. संगणकावर त्याच नावाचा खेळ १९९१ साली आला. उलट दिशाही आहे. डोनाल्ड व्हॅकॅरिनोच्या २००८ च्या ‘डोमिनियन’मध्ये खेळता खेळता आपला पत्त्यांचा गठ्ठा उभा करायचा असतो, ती कल्पना ‘स्ले द स्पायर’मधून पडद्यावर गेली आणि तो खेळ पुन्हा पुठ्ठ्याच्या खोक्यातून टेबलावर आला.

आता तुमच्या खेळाकडे येऊ. त्या मुलाचं बोलणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं तुम्ही मान्य करायला हवं.

मॅट लीकॉक यांच्या २००८ च्या ‘पँडेमिक’मध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, सगळे मिळून साथीशी लढतात. साथ उसळली की टाकलेले पत्ते पिसून परत गठ्ठ्याच्या वर ठेवतात, म्हणून ज्या शहरांवर आधी संकट आलं तिथंच ते पुन्हा येतं. तुमच्या नियमांत ‘उष्णतेची लाट’ निघाली की आटलेल्या विहिरींचे पत्ते पिसून वर ठेवायचे आहेत. हा नियम तिथलाच आहे. तुम्ही तो घेतला हे लपवू नका आणि त्याची लाजही बाळगू नका. खुद्द लीकॉक यांनी राइनर क्निझिया यांच्या २००० सालच्या सहकारी खेळातून आपल्याला दिशा मिळाल्याचं मोकळेपणानं सांगितलंय. शिवाय तुमच्या विषयात हा नियम खरा बसतो. ज्या गल्लीत गेल्या आठवड्यात टँकर आला नाही, तिथंच या आठवड्यातही येत नाही, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगायला नको.

लुडोबद्दल मात्र तो मुलगा चुकला. लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ चं. तो आपल्या पच्चीशीवरून सोपा करून घेतलेला खेळ आहे आणि सोपं करताना त्यांनी कवड्या काढून फासा घातला. तुमच्या खेळात कवड्याच आहेत. हा फरक फक्त दिसण्याचा नाही, हिशोबाचा आहे. फाशावर एक ते सहा, प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच. चार कवड्यांचं तसं नसतं. कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सोळा प्रकारांनी त्या पडू शकतात. त्यात दोन येण्याचे प्रकार सहा, एक येण्याचे चार, तीन येण्याचे चार. चारही उताण्या पडून चौक मिळण्याचा एकच प्रकार आणि चारही पालथ्या पडून आठ मिळण्याचाही एकच. म्हणजे दोनावर भरवसा ठेवून चालायचं आणि आठाची आस धरायची, असं त्या खेळाचं अंग आहे. घागर घेऊन दोन घरं चालता येईल हे बहुधा ठरलेलं, आणि कधीतरी एकदम आठ घरं. टँकर आल्यासारखं. मित्र म्हणतोय तसं, स्वस्त पडतो म्हणून कवड्यांऐवजी फासा घातलात, तर खेळ खरोखरच लुडोकडे सरकेल. तसं करू नका. तुळजापूरला देवळाच्या वाटेवरच्या दुकानांत कवड्या मिळतात, तिथून आणा. फक्त खऱ्या कवडीची दोन्ही अंगं सारखी नसतात, तेव्हा आणलेल्या कवड्या शंभर-दोनशे वेळा टाका आणि काय पडतं ते वहीत मांडा. एखादी सारखी पालथीच पडत असेल तर ती बाजूला ठेवा.

चल्लस-आठाची आणखी एक गोष्ट आहे. बऱ्याच घरांत असा नियम असतो की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात शिरता येत नाही. तुम्ही मारणं काढून टाकलं आणि त्या जागी ठेवलं, की कुणाला तरी एक घागर दिल्याशिवाय नळकोंडाळ्याच्या आतल्या घरांत जाता येत नाही. पत्रात तुम्ही हे अर्ध्या ओळीत उरकलंय. मला वाटतं, तुमचा आख्खा खेळ इथं आहे. त्याला जोडून तो उसन्या घागरीचा नियम: ज्याच्याकडून घेतलं त्याने मागितलं तर नाही म्हणता येत नाही, आणि घेतलेल्याची खूण म्हणून त्याच्या ओसरीवर आपला खडा ठेवायचा. हा नियम मित्राच्या आईनं सांगितला, असं तुम्ही लिहिता. त्या म्हणाल्या, “पाणी देताना मोजत नसतेत, पण घेणाऱ्याला ध्यानात ठेवाव लागतंय.” जगातल्या बहुतेक सहकारी खेळांत सगळे आपले एका बाजूला असतात आणि संकट दुसऱ्या बाजूला. तुमच्या खेळात सगळे एका बाजूला असूनही एकमेकांचे देणेकरी आहेत. क्राउदरला जशी गुहा, तशी तुम्हाला ही गल्ली.

तुमच्यासारख्याच अडचणीतल्या बाकीच्यांनाही सांगतो, कारण अशी पत्रं मला मोबाइल गेम करणाऱ्या मुलांकडून येतात, तशी शाळेसाठी खेळ तयार करणाऱ्या शिक्षकांकडूनही येतात. आपल्या खेळात स्वतःचं काय आहे हे इंटरनेटवर शोधून कळत नाही, खेळून कळतं. एक नियम काढायचा आणि एक संध्याकाळ त्याच्याविना खेळायचं. दुसऱ्या दिवशी तो परत घालून दुसरा काढायचा. ज्याच्याविना टेबलावरची बोलणी बदलतात, माणसं गप्प होतात किंवा भांडायची थांबतात, तो नियम खेळाचा कणा. ज्याच्याविना काहीच बदलत नाही, तो कितीही अस्सल असला तरी काढून टाका. तुम्ही घागर देण्याचा नियम काढून पाहा आणि नंतर ‘पँडेमिक’वाला पिसण्याचा काढून पाहा. कुठल्या डावात खेळ कोसळतो ते मला कळवा. मला अंदाज आहे, पण खेळणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल. आणि घरच्यांवर तपासू नका. लातुरात शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांची वसतिगृहं भरलेली आहेत, रविवारी दुपारी तिथं मांडा. नियमांचा कागद हातात द्या आणि तुम्ही तोंड उघडू नका.

आता खोक्यावरच्या त्या वाक्याचं. मित्राचा राग मला समजतो. आपल्या पच्चीशीचं लुडो झालं, आपल्या सापशिडीवर परदेशी कंपन्यांनी नावं छापली, मग आपण थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं कुठं, असं त्यांना वाटत असणार. पण वेरूळच्या शिल्पात जे आहे ते इतकं सुंदर आहे की त्यावर खोटं चढवायची गरज नाही. एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, शिव-पार्वती फासे खेळतायत आणि खाली शिवगण नंदीला छळतायत. खेळ, रुसवा आणि घरातला गोंधळ एकाच चौकटीत. त्या शिल्पावरून हे नक्की म्हणता येतं की दगडात घडवण्याइतका फाशांचा खेळ आपल्याकडे रुळलेला होता. आणखी मागं जायचं तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं आख्खं सूक्त आहे, त्यातले फासे बेहड्याच्या बियांचे. पण तुमच्या गल्लीचा पट, तुमचे पत्ते, तुमच्या घागरी त्या शिल्पात नाहीत. फोटो लावला तर गिऱ्हाइकाला वाटेल, आहेत.

मोक्षपटाचंही, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाचंही, तसंच. तो ज्ञानेश्वर माउलींनी रचला असं आपल्याकडे परंपरेनं मानतात आणि आपेगाव-पैठणच्या माणसांना ते जवळचं वाटणारच. परंपरा म्हणून ते जरूर सांगावं. मात्र आज हाती असलेले मोक्षपटाचे जुने पट त्यांच्या काळानंतर कित्येक शतकांनी केलेले आहेत, हेही त्याच दमात सांगावं. या पटांवर घराघरांत गुण, दोष आणि स्वर्गासारखे लोक यांची नावं असत. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये सापशिडी विकायला आली आणि पुढं पुढं ती नावं गळून नुसते आकडे राहिले. आपल्याकडून गेलेल्या खेळाचं मूळ पुसलं गेलं याचं दुःख होत असेल, तर आपणही एक खोटं मूळ तयार करून त्यात भर घालू नये. उद्या कुणी मराठवाड्यातल्या खेळांचा खरा अभ्यास करायला बसेल आणि तुमचं खोकं त्याच्या हाती पडेल, तेव्हा त्या हजार वर्षांचं तो काय करील?

त्यापेक्षा खरं काम तुमच्या घरातच पडलंय. आजी चल्लस-आठ कशी खेळायची ते लिहून काढा. पट कशानं आखायचे, फुल्यांची घरं किती, कवड्यांचं दान कसं मोजायचे, मारल्यावर पुन्हा दान मिळायचं का, माहेरच्या गावी नियम वेगळे होते का. आजी असतील तर खेळतानाचा व्हिडिओ घ्या. नसतील तर त्यांच्या बरोबरीच्या बायका असतील. हा खेळ दर दहा कोसांवर बदलतो. नांदेडच्या बाजूला विचारलंत तर तेलुगू मुलखातल्या खेळाच्या खुणा सापडतील. गावाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, सांगितल्याचं साल एवढं त्या नोंदीत असू द्या. तुमच्या खेळाच्या पुस्तिकेत त्यातलं एक पान छापा. तो वारसा कुणी खोडू शकणार नाही.

कायद्याची भीती तुम्ही पत्रात शेवटी घातली आहे. तिचं उत्तर थोडक्यात देतो. खेळाचा नुसता नियम किंवा खेळायची रीत यावर आपल्याकडे पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३ तसं स्पष्ट सांगतं. स्वामित्वहक्क कल्पनेवर नसतो, ती ज्या शब्दांत, ज्या चित्रांत मांडली त्यावर असतो. म्हणून दुसऱ्याच्या पुस्तिकेतलं वाक्य, चित्र, पत्त्यांची मांडणी उचलायची नाही आणि त्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवायचं नाही. कोलकात्याच्या दोन भावांनी ‘स्क्रॅबल’ या शब्दांच्या पटखेळाच्या धर्तीवर इंटरनेटवर ‘स्क्रॅब्युलस’ काढलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये ‘स्क्रॅबल’च्या पटाच्या स्वामित्वहक्काचा दावा मान्य केला नाही, पण ते नाव वापरायला मनाई केली. तुमच्या खेळाला ‘पाण्याचा लुडो’ म्हणायचा विचार आहे असं लिहिलंय, तो सोडा. लुडो हे नाव कुणाच्या मालकीचं नसलं तरी तुमच्या खेळात नसलेल्या गोष्टीची ती जाहिरात होते. मोठ्या संख्येनं छापण्याआधी बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाला तासभर भेटा.

आणि मित्राशी धुसफूस. इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ‘मोनोपोली’ची गोष्ट तुमच्या वाचनात आली असेल. लिझी मॅगी या बाईंनी जमीनदारीचं अन्यायी गणित लोकांना कळावं म्हणून ‘लँडलॉर्ड्स गेम’ केला, १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो हातोहाती पसरला, लोकांनी घरोघरी पट काढले, आणि १९३५ मध्ये चार्ल्स डॅरो या गृहस्थाच्या नावावर तो खेळ कंपनीनं विकायला काढला. बाईंचं नाव कित्येक दशकं कुणाला ठाऊक नव्हतं. गायगॅक्स आणि आर्नेसन यांचंही तसंच बिनसलं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणारी कंपनी सुरू होऊन काही वर्षांतच आर्नेसन तिच्यातून बाहेर पडला, १९७९ मध्ये मानधनावरून कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. दोघांचं मिळून झालेलं काम होतं, पण कुणाचं किती, हे सुरुवातीला कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

तुम्ही लिहून ठेवा. एका रविवारी दोघं बसा, चहा घ्या आणि एका कागदावर प्रत्येक नियमासमोर तो कुठून आला ते मांडा: आजीकडून, ‘पँडेमिक’मधून, तुम्हाला सुचला, मित्राला सुचला, खेळताना कुणी बोललं त्यावरून. बऱ्याच ओळींत दोघांची नावं येतील, काहींत तिसऱ्याचं. भांडण झालंच तर ते आत्ता, पाचशे रुपयांच्या कच्च्या पटावर होऊ द्या. मग पैशाचं ठरवा: खर्च कुणाचा किती, विक्री झाली तर वाटा कसा, एकानं सोडलं तर दुसऱ्याला खेळ पुढं नेता येईल का. तारीख घाला, दोघांच्या सह्या करा, दोघांकडे एकेक प्रत. यात अविश्वास नाही. उद्या तुमच्यापैकी एखाद्याची पुण्याला नोकरी लागली तर हाच कागद दोस्ती वाचवेल.

नोकरी सोडायची घाई नको. पहिल्यांदा वीस-पंचवीस संच लातुरातच डिजिटल छपाईवर काढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कवड्या आणि खडे पिशवीत घाला. ज्यांना द्याल त्यांच्याकडून पैसे घ्याच; फुकट मिळालेला खेळ माळ्यावर जातो. हे संच संपले आणि लोक विचारत आले तर पुढच्या छपाईचा विचार करा.

त्या रविवारच्या कागदाचंच पुस्तिकेतलं शेवटचं पान करा, अगदी साध्या भाषेत: चालीची रीत आमच्या आजीच्या चल्लस-आठाची, आटलेल्या विहिरींचा गठ्ठा ‘पँडेमिक’वरून सुचलेला, अमुक नियम आमचे. उसन्या घागरीच्या नियमाला मित्राच्या आईचं नाव लागायला हवं. त्यांना आधी एक डाव खेळायला बसवा, नियमाचा छापायचा मजकूर वाचून दाखवा, त्यांना काही बदलायचं असेल तर बदला. नाव पूर्ण छापायचं, की ‘अमक्याची आई’ असं, की छापूच नये, हे त्यांनाच ठरवू द्या.